मदत हवी आहे: ग्रामीण काउंटीचं मध्यक घरगुती उत्पन्न, १९९० पासून

रानवारा
मंडळी, तातडीची मदत हवी आहे. इथे अमेरिकेत प्रबंधासाठी एका ग्रामीण काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) मध्यक घरगुती उत्पन्नाची (अर्धी घरं ज्याच्या वर, अर्धी खाली) १९९० पासून दरवर्षीची मालिका करायची आहे. अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेत (एसीएस, जनगणना खात्याची नमुना पाहणी) एका वर्षाचे आकडे मिळतच नाहीत. पाच वर्षांचे मिळतात, पण ते नेमके कुठल्या वर्षाचे धरायचे? दुसऱ्या एका सरकारी फायलीत २०१४ पर्यंत सगळं नीट आहे आणि पुढे काउंटीच गायब! शुक्रवारी गाईडना तक्ता दाखवायचा आहे. गूगल करून झालंय.

डेट्रॉईटकर
काउंटी कुठली? लोकसंख्या किती? "दुसरी फाईल" म्हणजे कोणती? एका वर्षाचे आकडे फक्त ६५,००० किंवा त्याहून जास्त वस्तीसाठी निघतात, बाकीच्यांना पाच वर्षांचेच. २०१८-२२ म्हणजे ना २०१८ ना २०२२, पाचही वर्षांतल्या मुलाखती एकत्र करून काढलेला तो आकडा आहे. मधलं वर्ष धरून रेघ ओढू नका.

गणपतराव_जी
एवढी यातायात कशाला? ब्युरो ऑफ इकॉनॉमिक अ‍ॅनालिसिसचं दरडोई उत्पन्न काउंटीनिहाय १९६९ पासून सलग आहे. मी तेच वापरतो, कधी अडलं नाही.

आकडेमोड
गणपतराव, ती सरासरी आहे आणि तीही माणशी. दोन-चार मोठे रँचवाले निघाले की सरासरी वर जाते, मध्यक जागचा हलत नाही. शिवाय त्यात मेडिकेअरसारखे सरकारी लाभही धरतात. प्रश्न घरांचा आहे.

गणपतराव_जी
कल तर कळतो ना? कल महत्त्वाचा.

रानवारा
साउथ डकोटा. वस्ती तेरा-चौदा हजार. फाईल एसएआयपीईची, म्हणजे जनगणना खात्याच्या लहान भागांच्या उत्पन्न-गरिबी अंदाजांची. तिथे काउंटीचा कोड टाकला की २०१५ पासून ओळच येत नाही.

आकडेमोड
शॅनन काउंटी का? पाइन रिजची, म्हणजे लकोटा आदिवासींच्या रिझर्वेशनची (राखीव क्षेत्राची)? २०१५ मध्ये तिचं नाव ओग्लाला लकोटा झालं आणि कोडही बदलला. जुना ४६११३, नवा ४६१०२. दोन्ही ओळी एकाखाली एक जोडा. हद्द तीच आहे, त्यामुळे जोडायला हरकत नाही.

रानवारा
हो, तीच!! मग एसएआयपीईचीच मालिका वापरू ना? दरवर्षीचे आकडे मिळतायत.

डेट्रॉईटकर
जपून. १९९७ च्या आधी सलग वर्षं नाहीत. २००५ पासून तिचा पायाच बदलला, आधी करंट पॉप्युलेशन सर्व्हे (दुसरी एक सरकारी नमुना पाहणी) होता, मग एसीएस आला. २००४-०५ मध्ये दिसणारी उडी खरी उत्पन्नवाढ समजू नका. आणि हा मॉडेलचा अंदाज आहे. त्यात आयकर विवरणपत्रं आणि फूड स्टँपच्या (गरिबांच्या अन्नमदतीच्या) नोंदी जातात. रिझर्वेशनवर विवरणपत्र न भरणारी घरं बरीच असणार, तिथे मला या आकड्यावर फार भरवसा वाटत नाही.

आकडेमोड
पटत नाही. इतक्या लहान काउंटीत एसीएसचं मार्जिन ऑफ एरर (आकडा किती वरखाली असू शकतो ते) केवढं येतं ते तरी पाहिलंत का? तक्ता बी१९०१३ उघडा, मध्यकाशेजारीच छापलेलं असतं. ते ९० टक्के विश्वासपातळीचं आहे. १.६४५ ने भागलं की प्रमाण त्रुटी मिळते. मग ठरवा मॉडेल बरं की नमुना.

सातारी_ठसका
आपल्याकडे जिल्ह्याचं असं मध्यक उत्पन्न कुठे मिळेल? आर्थिक पाहणीत दरडोई जिल्हा उत्पन्न असतं, पण तीही सरासरीच.

डेट्रॉईटकर
सातारी, वेगळा धागा काढा, तिथे नक्की बोलू.

माई_ओहायो
मला वेगळंच म्हणायचं आहे. पाइन रिजला घरांची टंचाई आहे, एका छपराखाली दोन-तीन पिढ्या राहतात. चौघं-पाचजण कमवून आणतात आणि ते सगळं एका घराचं उत्पन्न म्हणून मोजलं जातं. घरगुती मध्यकाशेजारी कुटुंबाचा सरासरी आकार लिहा, नाहीतर गरिबी आहे त्याहून कमी दिसेल. हे लोक फार सोसतात, आकड्यात तरी ते दिसू दे.

रानवारा
माई, हा स्तंभ नक्की घालते. कोड जोडले, मालिका २०१५ च्या पुढे गेली. आता महागाईचं सांगा. आणि १९९९ साठी जनगणनेचा आकडा वेगळा, एसएआयपीईचा वेगळा. कोणता घेऊ?

आकडेमोड
एसएआयपीईचे आकडे त्या-त्या वर्षाच्या डॉलरमध्ये असतात, एसीएसचे पाच वर्षांतल्या शेवटच्या वर्षाच्या. सगळे एकाच वर्षावर आणा, सीपीआय-यू-आरएस हा महागाई निर्देशांक वापरून. १९९९ चा जनगणनेचा आकडा लाँग फॉर्मचा (सविस्तर प्रश्नावलीचा) आहे, सहातल्या एका घराला तो जायचा. २०१० पासून तो फॉर्मच बंद. दोन्ही आकडे ठेवा, जनगणनेचा सुटा ठिपका म्हणून, मालिकेत ओवू नका.

डेट्रॉईटकर
आणि एसीएसचे २००८-१२, २०१३-१७, २०१८-२२ असे एकमेकांत न मिसळणारे तीन टप्पे वर आडव्या पट्ट्या म्हणून टाका, मार्जिनसकट. पट्टी आणि रेघ कुठे फाकतात ते गाईडना आधी दाखवा.