युनेस्कोवाले म्हणतात 'नॅशनल कमिशन'मार्फत या. हे कुठलं कमिशन? (अर्जंट मदत हवी आहे)

खडूफळा | १६ एप्रिल, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. वेळ नाही म्हणून थोडक्यात लिहितो. युनेस्कोला दोन मेल केले, एक पॅरिसला, एक दिल्लीच्या ऑफिसला. पॅरिसहून काहीच नाही. दिल्लीहून दोन ओळी आल्या की तुमच्या देशाच्या नॅशनल कमिशनमार्फत या. आमच्या अध्यक्षांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "बघा, तिथंसुद्धा कमिशन आहेच. किती टक्के म्हणतात?" गटशिक्षण कार्यालयात विचारलं, त्यांनी बालहक्क आयोगाचा पत्ता दिला. ३ मेच्या आत काम व्हायला हवं. फ्लेक्स छापून झालाय. कोणी केलंय का हे? असल्यास नंबर व्यनि (खासगी निरोप) करा.

घाटमाथा | रात्री १०:०५

कसलं काम ते लिहिलंच नाही तुम्ही. युनेस्कोकडून नक्की काय हवंय? पैसे, प्रमाणपत्र, पाहुणा, की वारसा यादीत नाव?

दुर्गवेडा | रात्री १०:२०

वारसा यादीचं असेल तर मी सांगतो. जुलै २०२५ मध्ये आपले १२ किल्ले यादीत गेले. महाराष्ट्रातले ११ आणि तामिळनाडूतला जिंजी. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. ती फाइल पुरातत्त्व खात्यातून, म्हणजे सांस्कृतिक मंत्रालयाच्या बाजूने जाते. आधी तात्पुरत्या यादीत नाव लागतं, मग कुठे नामांकन. ३ मेपर्यंत विसरा. तुमच्या गावात कुठला किल्ला आहे? गढी असली तरी फोटो टाका. आणि लोहगडावर आता कचऱ्याचं काय चाललंय ते कोणी सांगेल का?

खडूफळा | रात्री १०:३१

किल्ला नाही हो. शाळा आहे. अनुदानित, पाचवी ते दहावी. आम्हाला 'युनेस्को संलग्न' व्हायचंय आणि ३ मेच्या कार्यक्रमाला त्यांचं नाव वापरायचंय. एवढं साधं आहे.

घाटमाथा | रात्री १०:३४

साधं आहे तर पहिल्याच ओळीत का नाही लिहिलंत, सर?

शुभांगी_ना | १७ एप्रिल, सकाळी ६:४०

सर, तुम्ही दोन वेगळी कामं एकात घातली आहेत.

शाळेचं आधी. युनेस्कोचं संलग्न शाळांचं जाळं आहे, १९५३ साली १५ देशांतल्या ३३ शाळांपासून सुरू झालेलं. आता १२ हजारांच्या वर शाळा आहेत. यात शाळा थेट पॅरिसला अर्ज करत नाही. देशाच्या राष्ट्रीय आयोगात एक समन्वयक असतो, त्याच्याकडून शिफारस जाते. आपल्याकडे हा आयोग म्हणजे 'युनेस्कोशी सहकार्यासाठीचा भारतीय राष्ट्रीय आयोग'. तो दिल्लीत केंद्रीय शिक्षण मंत्रालयात, उच्चशिक्षण विभागात बसतो. तुमच्या मेलमधलं कमिशन ते. टक्केवारीचा संबंध नाही, अध्यक्षांना सांगा.

माझ्या आधीच्या शाळेने हे केलं होतं. अर्ज भरायला एक आठवडा लागला, वाट बघण्यात वर्ष गेलं. सोबत शाळेत काय उपक्रम चालतात ते लिहावं लागतं, पुढे दर वर्षी अहवालही द्यावा लागतो. नुसतं वृक्षारोपणाचे फोटो लावून भागत नाही.

दुसरं, ३ मे. तुमचा कार्यक्रम जागतिक पत्रकार स्वातंत्र्य दिनाचा आहे का?

खडूफळा | सकाळी ७:०२

हो ताई, तोच. वर्ष जाणार असेल तर अवघड आहे. एक प्रतिनिधी आले होते शहरातून, ते म्हणाले ४५ हजारांत महिन्याभरात 'युनेस्को मान्यताप्राप्त' प्रमाणपत्र आणून देतो, फ्रेमसकट. अध्यक्ष तयार आहेत.

शुभांगी_ना | सकाळी ७:०४

देऊ नका! शाळांच्या या जाळ्यात यायला शुल्क नाही. एक रुपयासुद्धा.

सेनकाठचा_सदाशिवपेठी | सकाळी ११:१५ (इथे अजून सकाळच)

मी पॅरिसमध्ये राहतो, युनेस्कोची इमारत माझ्या रोजच्या बसवर आहे, म्हणून दोन शब्द. (आत फक्त एकदा गेलोय, खुल्या प्रदर्शनाला. उगाच नंबर मागू नका.)

संयुक्त राष्ट्रांच्या बाकी कुठल्याही संस्थेला अशी देशोदेशींच्या आयोगांची साखळी नाही. युनेस्कोच्या घटनेतलं सातवं कलमच आहे, की प्रत्येक सभासद देशाने आपल्याकडच्या शिक्षण, विज्ञान, संस्कृतीतल्या मुख्य संस्थांना या कामाशी जोडावं, शक्यतो राष्ट्रीय आयोग नेमून. भारत सुरुवातीपासूनचा सभासद. आपला आयोग १९४९ मध्ये तात्पुरता नेमला आणि १९५१ मध्ये कायमचा झाला. मौलाना आझाद तेव्हा शिक्षणमंत्री होते. १९५६ ची सर्वसाधारण परिषद दिल्लीत भरली तिचे अध्यक्षही तेच.

प्रत्येक देशाची घडण मात्र निराळी. जर्मनीचा आयोग नोंदणीकृत संस्था आहे, आपला मंत्रालयाच्या पोटात. त्यामुळे तुमचा मेल कुठल्या टेबलावर पडतो यावर सगळं. मेल नको, पत्र पाठवा, मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचं, आवक क्रमांक मिळेल असं.

निवृत्त_उपसंपादक | दुपारी १:२०

इथेच तर मेख आहे! आयोगाचे अध्यक्ष केंद्रीय शिक्षणमंत्री, सरचिटणीस उच्चशिक्षण सचिव. आणि त्यांच्याकडे कोण परवानगी मागतंय, तर पत्रकार स्वातंत्र्य दिन साजरा करणारे. मांजराला विचारून दूध झाकायचं. युनेस्कोच्या पत्रकार स्वातंत्र्याच्या यादीत आपण १८० देशांत १५१ वे, ते काय उगाच?

घाटमाथा | दुपारी १:३२

काका, ती यादी युनेस्कोची नाही. 'रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स' या स्वयंसेवी संस्थेची आहे. त्यांचंही मुख्यालय पॅरिसला म्हणून घोळ होतो. १५१ हा २०२५ चा आकडा, त्याच्या आदल्या वर्षी १५९ होता. युनेस्को देशांना असे क्रमांक देत नाही, देईल कशी? सभासद सरकारंच आहेत.

निवृत्त_उपसंपादक | दुपारी १:५०

बरोबर, चूभूद्याघ्या. डेस्कवर असतो तर मीच कापलं असतं ते वाक्य. पण मुद्दा कायम. सरकारांचा क्लब पत्रकारांसाठी काय करणार?

सेनकाठचा_सदाशिवपेठी | दुपारी २:३०

अगदीच काही नाही असं नाही. १९९७ च्या ठरावापासून पत्रकाराचा खून झाला की महासंचालक नावानिशी जाहीर निषेध करतात. गौरी लंकेश यांच्या वेळी, २०१७ साली, केला होता. नंतर त्या त्या सरकारला पत्र जातं, की खटल्याचं काय झालं? दर दोन वर्षांनी त्या उत्तरांचा अहवाल निघतो. कोणी उत्तर दिलं नाही, हेही त्यात छापलं जातं.

निवृत्त_उपसंपादक | दुपारी ३:१०

पत्राने खुनी सापडत नाही, पण नोंद राहते हे मान्य. आमच्या उमेदीच्या काळातली गोष्ट सांगतो. युनेस्कोनेच नेमलेल्या मॅकब्राइड आयोगाचा १९८० चा अहवाल. जगातल्या बातम्या चार-दोन पाश्चात्त्य वृत्तसंस्थांच्या हातात, तिसऱ्या जगाचा आवाज कुठे, असा वाद होता. त्या आयोगावर आपले पत्रकार बी. जी. वर्गीस होते. अमेरिकेला तो सूर आवडला नाही. १९८४ अखेर ती युनेस्कोतून बाहेर पडली, पाठोपाठ ब्रिटन. अमेरिका परत आली २००३ ला, पुन्हा गेली २०१८ अखेर, पुन्हा आली २०२३ ला, आणि २०२५ मध्ये पुन्हा जाहीर केलं की २०२६ च्या डिसेंबरात निघणार. रुसून माहेरी जाणं इतक्या वेळा कोणी केलं नसेल.

जय_हो_७७ | दुपारी ३:४०

युनेस्कोला नावं ठेवू नका. आपल्या राष्ट्रगीताला त्यांनीच जगातलं सर्वोत्कृष्ट राष्ट्रगीत घोषित केलंय. अभिमान बाळगा. पुढे पाठवा.

घाटमाथा | दुपारी ३:४१

आलं! निदान वर्ष तरी बदलून पाठवत जा. ती अफवा २००८ च्या आसपासच्या ईमेलांपासून फिरतेय. युनेस्को राष्ट्रगीतांची स्पर्धा घेत नाही.

संपादक मंडळ | दुपारी ४:००

धागा भरकटतोय. मूळ प्रश्नावर लिहावे. राष्ट्रगीतासाठी वेगळा धागा काढू नये.

दर्पणप्रेमी | दुपारी ४:२५

मुळात ३ मे कशाला? महाराष्ट्रात पत्रकार दिन ६ जानेवारीला. १८३२ साली त्या दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं. ३ मेला शाळेला उन्हाळ्याची सुट्टी, पोरं मामाच्या गावाला. ६ जानेवारीला घ्या, युनेस्कोचीही गरज नाही, बाळशास्त्री कोकणातलेच.

खडूफळा | सायंकाळी ६:१५

कोकण कुठून आलं? आम्ही तिकडचे नाही. ६ जानेवारीला घेतला होता कार्यक्रम, त्याच दिवशी तर भांडण झालं.

घाटमाथा | सायंकाळी ६:१७

कसलं भांडण? सर, आता एकदा सगळं लिहा बघू.

खडूफळा | रात्री ८:४०

लिहितो. सातवी-आठवीची मुलं दोन वर्षं भित्तीपत्रक काढतात. कार्डशीटवर, हाताने. जानेवारीच्या अंकात एका मुलीने गावच्या पाण्याच्या टाकीवर लिहिलं. शिडी चढून आत बघून आली (मी ओरडलो तिला, शिडी गंजलेली आहे), टाकी शेवटची कधी धुतली ती तारीख ग्रामपंचायतीत विचारली आणि मिळालेलं उत्तर जसंच्या तसं उतरवलं. एवढंच. दुसऱ्या दिवशी पत्रक भिंतीवरून काढलेलं. कोणी काढलं ते कोणी सांगत नाही. अध्यक्ष मला म्हणाले, "मुलांनी निसर्गावर लिहावं."

म्हणून डोक्यात आलं की युनेस्कोचं नाव लावलं तर कोणी हात लावणार नाही. अध्यक्षांना विचारलं तर ते खूश, त्यांना गेटवर पाटी हवी आहे. त्यांनीच परस्पर फ्लेक्स केला, ८ बाय १०, तो देवळाच्या खांबांचा लोगो नेटवरून उतरवून. त्यांच्या फोटोएवढाच मोठा आहे.

शुभांगी_ना | रात्री ९:०५

सर, हे आधी लिहायला हवं होतं. मग ऐका.

३ मे साजरा करायला कोणाचीही परवानगी लागत नाही. १९९१ मध्ये नामिबियात विंडहूकला आफ्रिकी पत्रकार जमले होते, त्यांचं जाहीरनामापत्र ३ मेला निघालं, म्हणून १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तो दिवस ठरवला. नाव बिनधास्त लिहा.

लोगो मात्र लावू नका. नाव आणि लोगो वापरायला आधी परवानगी लागते, आणि देशातल्या देशात ती देण्याचा अधिकार राष्ट्रीय आयोगाकडे असतो. दोन आठवड्यांत ती येणार नाही. फ्लेक्सचा फोटो कोणी वर पाठवला तर शाळेचा अर्ज सुरू व्हायच्या आधीच डाग लागेल.

निवृत्त_उपसंपादक | रात्री ९:३०

त्या मुलीला माझा नमस्कार सांगा. उत्तर जसंच्या तसं उतरवणं कित्येकांना निवृत्तीपर्यंत जमत नाही. मूळ मजकूर कोणाकडे आहे का? फोटो काढून ठेवा. आणि सर, लोगोने भिंत राखली जात नाही. पुढच्या अंकात सरपंचांची बाजू छापा, त्यांचं नाव आणि फोटोसकट. मग बघा कोण काढतंय.

दर्पणप्रेमी | रात्री ९:४४

काकांशी असहमत. लहान मुलांना गावच्या राजकारणात ओढू नये. निसर्गावर लिहिलं तर काय बिघडतं?

निवृत्त_उपसंपादक | रात्री ९:४६

टाकीतलं शेवाळ निसर्गच आहे.

सेनकाठचा_सदाशिवपेठी | रात्री ११:५०

😄 काकांना +१. सर, युनेस्कोचं एक प्रशिक्षण-पुस्तक आहे, खोट्या बातम्या कशा ओळखायच्या यावर, २०१८ चं. फुकट उतरवता येतं. इंग्रजीत आहे, थोडं जड आहे, पण पडताळणीची प्रकरणं मुलांना सोपी करून सांगता येतील. अर्जात उपक्रम म्हणून हे भित्तीपत्रकच लिहा. तुमच्याकडे दाखवण्यासारखं आहे, वृक्षारोपणापेक्षा बरंच जास्त.

खडूफळा | ४ मे, सकाळी १०:२०

उशीर झाला, माफी. कार्यक्रम झाला. १४ मुलं आली, बाकीची खरंच मामाच्या गावाला. ४५ हजारवाल्यांना नाही म्हटलं. अध्यक्ष दोन दिवस बोलले नाहीत, मग म्हणाले, "फुकट आहे तर तुम्हीच करा अर्ज." पत्र रजिस्टरने दिल्लीला टाकलंय, पोचपावती यायची आहे.

सरपंचांकडे मुलगी आणि मी गेलो होतो. त्यांनी चहा दिला आणि सांगितलं की टाकी धुण्याचा ठराव मार्चमध्येच झालाय, मजूर मिळत नाहीत. तिने तेही उतरवलं. नवा अंक भिंतीवर आहे, आज सकाळपर्यंत तरी.

टाकी धुतलेली नाही.

एक विचारायचं राहिलं. फ्लेक्स टाकून द्यायला अध्यक्ष तयार नाहीत, २,४०० रुपये गेलेत. लोगोवर चिकटवायला काय वापरू? कागद लावला तर उन्हात सुटतो.

घाटमाथा | सकाळी १०:४१

फ्लेक्सवाल्याकडे व्हिनाइलचा तुकडा मागा, चिकट पाठीचा. त्यावर शाळेचं बोधचिन्ह छापून घ्या. शंभर-दीडशेत होईल.

दुर्गवेडा | सकाळी ११:१५

लोहगडाबद्दल कोणीच काही सांगितलं नाही.