मदत हवी आहे: दिवसा देवनागरी मजकूर, रात्री गेमिंग. मॉनिटरचं पॅनल कोणतं घ्यावं?

मंडळी, गेमिंगसाठी नवीन मॉनिटर घ्यायचाय आणि पॅनलपाशी (म्हणजे पडद्याचा प्रकार: टीएन, आयपीएस, व्हीए की ओएलईडी) गाडी अडलीय. यूट्यूबवरचे बहुतेक रिव्ह्यू गेमपुरतंच बोलतात. माझ्या स्क्रीनवर मात्र दिवसाचे आठ-नऊ तास मराठी पुस्तकांची पानं असतात. घरून अक्षरजुळणी करते, अधूनमधून मुखपृष्ठंही. रात्री जेवणं आटोपली की त्याच टेबलावर गेम. दोन मॉनिटर मावतील एवढी जागा नाही, म्हणजे जो येईल त्यानेच दोन्ही कामं निभावायला हवीत.

सध्याचा २४ इंची, १०८०पी (उभ्यात १०८० पिक्सेल), ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा), टीएन पॅनल. खुर्चीत जरा खाली घसरून बसलं की स्क्रीनचा वरचा भाग काळवंडतो. मुखपृष्ठाचा रंग त्यावर काय ठरवणार? तेव्हा टीएन कितीही फास्ट असलं तरी बाद.

हवाय तो २७ इंची, १४४०पी, किमान १४४ हर्ट्झ. २७ इंचात १०८०पी घेतलं तर इंचाला जेमतेम ८२ पिक्सेल पडतात, १४४०पीला १०९. दिवसभर जोडाक्षरं आणि रफार बघणाऱ्याला हा फरक फार मोठा आहे. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०. बजेट तीस हजार. ओएलईडी खरंच घेण्यासारखं असेल तर हप्ते करायची तयारी आहे.

गेम मुख्यतः तीन. मैत्रिणींबरोबर व्हॅलोरंट, आणि एकटी असताना एल्डन रिंग आणि रेड डेड रिडेम्प्शन २. व्हॅलोरंटला वेग हवा: ६० हर्ट्झला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ ला ६.९. एल्डन रिंग पीसीवर ६० फ्रेमच्या पुढे जातच नाही, तिथे जास्त हर्ट्झचा उपयोग नाही. तिथल्या गुहांमध्ये काळा रंग काळाच दिसावा, एवढं मागणं.

व्हीए पॅनल लॅमिंग्टन रोडला एका दुकानात जाऊन पाहिलं. काळा रंग सुरेख, वाद नाही. साधारण आयपीएसचा कॉन्ट्रास्ट (पांढरा काळ्याच्या किती पट उजळ) १०००:१ च्या आसपास, व्हीएचा ३०००:१ किंवा जास्त, आणि ते डोळ्यांना दिसतं. दुकानदारकाका भले, त्यांनी माझी पेनड्राइव्हवरची पीडीएफ उघडू दिली. पांढरं पान ठीक होतं. डार्क मोड लावून काळ्यावर राखाडी मजकूर सरकवला, तर प्रत्येक ओळीच्या शिरोरेषेमागे जांभळट शेपूट ओढलं जात होतं. थांबलं की अक्षर पुन्हा स्वच्छ. व्हीएमध्ये काळ्यावरून गडद राखाडीवर जायला लिक्विड क्रिस्टलना वेळ लागतो, त्याचा हा परिणाम. रेड डेडमध्ये रात्रीच्या जंगलात घोडा दामटताना हेच होणार ना?

ओएलईडीचं दुखणं वेगळं. तिथे प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे अंधार आणि वेग दोन्हीत त्याला तोड नाही. पण क्यूडी-ओएलईडीत (ओएलईडीचाच एक प्रकार) लाल, हिरवा, निळा हे उपपिक्सेल एका रांगेत नसून त्रिकोणात बसवलेले असतात. त्यामुळे आडव्या कडांना वर हिरवट आणि खाली गुलाबीसर झाक येते. इंग्रजी रिव्ह्यूवाले म्हणतात, सवय होते. होत असेल. त्यांच्या लिपीत प्रत्येक शब्दावर आडवी रेघ नसते. आमच्याकडे पान म्हणजे नुसत्या आडव्या रेघाच. शिवाय जुळणीच्या सॉफ्टवेअरची टूलपट्टी दिवसभर एकाच जागी, म्हणजे बर्न-इनची (स्थिर चित्राचा कायमचा डाग पडण्याची) धास्ती. आणि माझ्या पाठीमागे पश्चिमेची खिडकी आहे. क्यूडी-ओएलईडीवर बाहेरचा उजेड पडला की काळा रंग जांभळट-करडा दिसतो असं वाचलंय.

तर प्रश्न असे: आयपीएस घेतलं तर अंधाऱ्या गेममध्ये कोपऱ्यांतली चमक किती त्रास देते? आणि जाहिरातीतल्या ‘१ एमएस’ वर (पिक्सेल एका मिलिसेकंदात बदलतो या दाव्यावर) कितपत विश्वास ठेवावा?

प्रतिसाद

ताई, तुमचं काम बघता आयपीएसच घ्या. ओएलईडी मीही वापरतो, गेमला अप्रतिम आहे, पण रोज आठ तास तीच टूलपट्टी असेल तर मी तुम्हाला ते सुचवणार नाही. काही कंपन्या बर्न-इनवर तीन वर्षं वॉरंटी देतात, तरी अक्षरांच्या कडांचा प्रश्न उरतोच.

‘१ एमएस’ बघताना पुढे जीटीजी (एका राखाडी छटेवरून दुसरीवर जायचा वेळ) लिहिलंय की एमपीआरटी (हलतं चित्र डोळ्यांपुढे रेंगाळायचा वेळ), ते वाचा. एमपीआरटीचा आकडा बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) झपाझप चालू-बंद करून मिळवलेला असतो, त्यात उजेड घटतो. जीटीजीचा आकडाही बऱ्याचदा ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलला जोर लावून लवकर बदलायला लावणारं सेटिंग) टोकाला नेऊन काढतात, आणि तेव्हा हलत्या वस्तूमागे उलट्या रंगाची सावली दिसते. ओव्हरड्राइव्ह मधल्या पायरीवर ठेवा.

रात्री ब्राइटनेस उतरवा. १०००:१ कॉन्ट्रास्टला पांढरा ३०० निट्स (उजेडाचं माप) असेल तर काळा ०.३ असतो, पांढरा १२० वर आणला की काळाही ०.१२ वर येतो. मॉनिटरच्या मागे भिंतीवर मंद दिवा लावलात तर राहिलेलं करडेपण फारसं जाणवत नाही. आणि नवा मॉनिटर लावल्यावर विंडोजमध्ये रिफ्रेश रेट तपासा, पुष्कळदा तो ६० वरच राहिलेला असतो.

प्रतिसाद

व्हीएला सरसकट बाद करू नका. महागड्या व्हीएमध्ये ते शेपूट जवळपास दिसत नाही. स्वस्तात मात्र दिसतं, आणि तीस हजारांत २७ इंची १४४०पी म्हटलं की तुमची निवड स्वस्तातूनच होणार. एल्डन रिंग एवढंच खेळायचं असतं तर मी व्हीए म्हटलं असतं. मजकूर आहे म्हणून माझंही मत आयपीएसलाच.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आयपीएस नक्की. मागचा दिवा आजच लावून बघते.

आता एकच अडचण उरली. कोपऱ्यातला उजेड डोकं हलवल्यावर जागा बदलत असेल तर ती आयपीएसची नेहमीची चमक, आणि एकाच जागी ठाम असेल तर बॅकलाइट गळतोय, म्हणजे तो पीस बदलून घ्यायचा, इथपर्यंत समजलंय. ऑनलाइन घेतलं तर बदलून मिळायची मारामार. डोंबिवली, ठाणे किंवा दादरच्या आसपास खोका उघडून, काळी स्क्रीन लावून पीस तपासू देणारं दुकान कुणाला माहीत आहे का?