अनुभव: रोजच्या जगण्यातली निःस्वार्थ प्रीती

रानजाई
रविवारी चर्चच्या उपासनेत बायबलमधलं १ करिंथ १३ वाचलं. लग्नांत ऐकून ऐकून पाठ झालेला अध्याय. पण "प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे" इथे आले आणि एकदम आत्या आठवली. तिच्या सासूने तिला उभ्या आयुष्यात गोड शब्द दिला नाही. त्याच सासूबाई अंथरुणाला खिळल्यावर आत्या त्यांचे पाय कोमट पाण्यात भिजवून, मांडीवर टॉवेल घेऊन, जाडजूड नखं कातरत बसायची. सासूबाईंची बडबड चालूच. मी विचारलं, "राग नाही येत गं?" म्हणाली, "येतो की. पण नखं वाढलीयत ना." आधी माया दाटून येऊ दे, मग सेवा करीन, म्हणून ती थांबली नाही. तुमच्याही आठवणी लिहा, अगदी लहानशा असल्या तरी.

पहाटवारा
"नखं वाढलीयत ना"!! आत्याबाईंना साष्टांग दंडवत. बाळ उठलंय, नंतर लिहिते.

रात्रपाळी
आमच्या वॉर्डात एक आजोबा होते, हात लावला की शिव्या. दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. माझी एक सीनियर दर वेळी आधी सांगायची, "आजोबा, आता डावीकडे वळवतेय हं." उत्तर म्हणून शिवी. ती चादरीची सुरकुती न् सुरकुती काढायची, कारण सुरकुतीही टोचते. तिला कोणी बघत नव्हतं. मी बघितलं म्हणून आज मीही तसंच करते.

ओंजळ
बाबा गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं. दफनविधीहून परत आलो तर सगळी भांडी घासून पालथी घातलेली, फरशी पुसलेली, फडकं पिळून दोरीवर. चर्चच्या मंडळीतलं कोण येऊन गेलं, आजतागायत कळलं नाही. आईने खूप विचारलं, मग सोडून दिलं. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, हे वचन आमच्या घरात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

कडुनिंब
फ्रान्समधल्या लिझ्यूच्या संत तेरेझाचं असंच आहे. पंधराव्या वर्षी मठात गेली, १८९७ साली चोविसाव्या वर्षी वारली. मोठं काही केलं नाही असं वरवर वाटतं. कपडे धुताना समोरच्या सिस्टरकडून मळकं पाणी तिच्या तोंडावर उडायचं, ती मागे सरकायची नाही, तोंडही पुसायची नाही, समोरचीला ओशाळं वाटू नये म्हणून. ऑफिसात माझं काम स्वतःच्या नावावर खपवणारा एक जण आहे. त्याची आई आजारी पडली तेव्हा त्याचा रिपोर्ट मी पूर्ण करून दिला. सोपं नव्हतं. पण प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा त्याला धरून देणारा यहूदा तिथेच होता, त्याचेही धुतले. योहान १३ वाचून बघा.

सावली२
मला एक खटकतं. हे सगळं ऐकवून बायकांना मार खात राहायला सांगणारेही असतात. माझ्या बहिणीला ऐकवलंय तसं.

कडुनिंब
सावली, अगदी बरोबर. मार खात राहणं म्हणजे प्रीती नव्हे. ताईंना सुरक्षित ठेवणं हीच त्या घडीची प्रीती.

रानजाई
येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्याचं बघ ना. वाटेत लुटारूंनी मारून टाकलेला एक परका माणूस त्याला दिसला. त्याच्या जखमा बांधल्या, उतारशाळेत नेलं, रात्रभर काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी दोन दीनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, मालकाच्या हाती देऊन पुढे निघाला. "जास्त खर्च झाला तर येताना देईन" म्हणाला. सगळं एकट्याने उरावर घेतलं नाही, दुसऱ्यावर सोपवलं. ताई कशी आहे आता?

सावली२
बरी आहे. आमच्याकडेच राहते. पाळकबाई दर आठवड्याला येतात, उपदेश करत नाहीत, नुसत्या तिच्याजवळ बसतात. त्याने खूप फरक पडला.

पहाटवारा
आले परत. सावली, ताईसाठी प्रार्थना करतेय. @रात्रपाळी, विषयाला सोडून विचारते, माझे सासरे झोपूनच असतात, टाचा लाल झाल्यात. काय करू?

रात्रपाळी
उशी टाचेखाली नको, पोटरीखाली द्या. टाच अधांतरी राहिली पाहिजे. लाल जागा चोळू नका, आणि दाबल्यावर लाली जात नसेल तर डॉक्टरांना दाखवाच. ड्युटीला निघाले, अजून काही असेल तर लिहून ठेवा, सकाळी बघते.