खिडकीतून पाइप काढून वूड स्टोव्ह बसवा, हा सल्ला कृपया देऊ नका

धुराडं
काल या फोरमवर वूड स्टोव्हबद्दल (लाकूड जाळून घर तापवणारी बंद शेगडी) एक पोस्ट फिरत होती. थोडक्यात अशी: "हीटिंग ऑइल परवडत नाही ना? जुना वूड स्टोव्ह तीनशे डॉलरला मिळतो. खिडकीची काच काढा, तिथे पत्रा ठोका, पाइप बाहेर काढून दोन एल्बो (कोपराचे जोड) लावून वर न्या. शनिवार-रविवारचं काम." खाली नुसता वाहवांचा पाऊस. अमेरिकेतल्या मेन, व्हरमाँट, मिशिगनसारख्या थंड राज्यांत पहिलंच घर घेतलेली आपली मंडळी हे वाचून उद्या हार्डवेअरच्या दुकानात जातील, म्हणून सविस्तर लिहितो.

काळा सिंगल-वॉल (एकेरी पत्र्याचा) पाइप फक्त खोलीच्या आत चालतो. त्यालाही लाकडी भिंतीपासून 18 इंच अंतर लागतं. डबल-वॉल घेतला तर बहुतेक ठिकाणी 6 इंचांत भागतं. भिंत किंवा छत ओलांडलं की तिथून पुढे क्लास ए (कारखान्यात बनवलेली, उष्णतारोधक धातूची) चिमणीच हवी, तिच्याभोवती 2 इंच मोकळी जागा हवी आणि त्या जागेत इन्सुलेशन कोंबायचं नाही. सिंगल-वॉल पाइप बाहेर थंडीत उभा केला की धूर आतच गार पडतो. पाइपचा पृष्ठभाग 250 फॅरनहाइटच्या खाली राहिला की क्रिओसोट (धुरातून साठणारा, पेट घेणारा थर) धरायला लागतं, आधी पापुद्रे, मग डांबरासारखा चकचकीत थर. तो पेटला की तापमान 2,000 अंशांच्या घरात जातं. चिमणीवर यूएल 103 एचटी (चिमणीचं सुरक्षा मानक) बघून घ्या म्हणतात ते यासाठीच: ती 2,100 अंशांचा मारा दहा-दहा मिनिटं तीनदा सोसून पास झालेली असते.

उंचीचा नियमही आहे. चिमणी छतातून बाहेर येते तिथून किमान 3 फूट वर, आणि 10 फुटांच्या आतल्या छताच्या कुठल्याही भागापेक्षा 2 फूट उंच. एकूण 15 फुटांखाली बहुतेक स्टोव्ह धूर नीट ओढत नाहीत, आणि प्रत्येक एल्बो ड्राफ्ट (धूर वर ओढण्याचा जोर) खातो. म्हणजे चिमणीचा खर्च स्टोव्हइतका, कधी त्याहून जास्त. तो धरून जे परवडेल तेच स्वस्त.

जुनंतेसोनं
अंतरं, उंची, क्लास ए, सगळं मान्य. पण त्या पोस्टवरचा राग जुन्या स्टोव्हवर का काढताय? पाव इंची प्लेट-स्टीलचा वेल्डिंग केलेला स्टोव्ह पिढ्यान् पिढ्या टिकतो. घेताना अंधारात आत टॉर्च लावून सांध्यातून उजेड फुटतो का बघा. दारात डॉलरची नोट धरून दार लावा, नोट सहज निसटली तर गॅस्केट (दाराच्या कडेचा, हवा अडवणारा दोर) गेलंय. नवा दोर आणि सिमेंट लावणं हे तासाभराचं काम. कास्ट आयर्नचा असेल तर सांधे जास्त काळजीने बघा, ते सिमेंट सुटून हवा आत ओढतात आणि आग हाताबाहेर जाते. नव्या स्वस्त स्टोव्हांत व्हर्मिक्युलाइटचा (एका ठिसूळ खनिजाचा) बॅफल, म्हणजे आगीवरचा आडवा पडदा असतो, ओंडका जोरात लागला की फुटला. शिवाय नव्यांना ओलसर लाकूड अजिबात चालत नाही. जुना मिळेल ते जाळतो.

धुराडं
"मिळेल ते जाळतो" याचाच तर मला राग आहे! ओलं लाकूड तो जाळत नाही, धुमसवतो आणि उरलेलं चिमणीत चिकटवतो. जुने सर्टिफिकेट नसलेले स्टोव्ह तासाला 15 ते 30 ग्रॅम धुराचे कण सोडतात. ईपीएची (अमेरिकेची पर्यावरण संस्था) 2020 पासूनची मर्यादा 2 ग्रॅम आहे, कॉर्डवूडवर (नेहमीच्या फोडलेल्या सरपणावर) चाचणी केली तर 2.5. तीच ऊब द्यायला नवा स्टोव्ह साधारण एक तृतीयांश लाकूड कमी खातो. तीनशे डॉलरला घेतलेला स्टोव्ह दरवर्षी जास्तीच्या लाकडात तुमच्याकडून पैसे उकळतो. आणि ओरेगनमध्ये घर विकताना असा सर्टिफिकेट नसलेला स्टोव्ह काढून टाकावाच लागतो, तेही खर्चात धरा.

गारठा_नको
मुळात जाळायचंच कशाला? गावाकडच्या बायकांना चुलीच्या धुरातून सोडवण्यासाठी 2016 मध्ये उज्ज्वला आणली, आणि आपण इथे पीएम 2.5 (धुराचे सूक्ष्म कण) विकत घेतोय. थंड हवामानासाठी बनवलेले हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारी विजेवरची यंत्रं) उणे 15 फॅरनहाइटलाही चालतात.

सरपण
@गारठा_नको, आइस स्टॉर्ममध्ये तारा तुटल्यावर हीट पंप कशावर चालवणार? पेलेट स्टोव्हचंही (लाकडी भुशाच्या गोळ्या जाळणारा) तेच, ऑगर (गोळ्या आत ढकलणारा स्क्रू) आणि पंख्याला वीज लागते. दारं घट्ट असलेला, नीट ओढणारा स्टोव्ह आणि उघड्या चुलीचा धूर ही तुलनाच होत नाही. असो, तो वेगळा धागा काढा.

मूळ मुद्दा लाकडाचा आहे आणि तो धुराडं आणि जुनंतेसोनं दोघांनीही अर्धवट सांगितलाय. मॉइश्चर मीटरवर लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या आत असेल तरच जाळा. ओंडका ताजा फोडायचा, मीटर आतल्या नव्या बाजूवर लाकडाच्या रेषांना समांतर टोचायचा. टोकाला किंवा जुन्या सालीजवळ टोचून 14 आलं म्हणून नाचू नका. गोठलेलं लाकूडही चुकून कमी दाखवतं, आधी घरात येऊ द्या.

कोरडं_वजन
हा 20 टक्क्यांचा मंत्र सगळीकडे वाचून कंटाळा आला. मीटर कोरड्या वजनावर (पाणी सोडून उरलेल्या लाकडाच्या वजनावर) टक्केवारी दाखवतो. "20 टक्क्यांच्या आत" हा आकडा ओल्या वजनावरचा (पाण्यासकट एकूण वजनावरचा) आहे. ओल्या वजनावरचे 20 म्हणजे मीटरवर 25. ईपीएच्या क्रिब चाचणीतलं (ठराविक मापाच्या लाकडांची रचना जाळून केलेली) डग्लस फर लाकूडही कोरड्या वजनावर 19 ते 25 टक्के असतं. म्हणजे मीटरवर 23-24 दिसलेलं लाकूड लोक उगाच आणखी एक वर्ष पडू देतात.

सरपण
कागदावर बरोबर. पण चाचणीतलं लाकूड मोजून, एकसारखं, चौकोनी कापलेलं असतं. तुमच्या ढिगात एक ओंडका 18 आणि शेजारचा 31 असतो. नवशिक्याला 25 सांगितलं की तो 30 जाळणार. मी 20 च सांगणार.

कोरडं_वजन
मग "सुरक्षित बाजूला राहा म्हणून 20" असं सांगा. चुकीचं कारण देऊन बरोबर सवय लावली तरी पुढचा माणूस तेच चुकीचं कारण सांगत सुटतो.

सरपण
बरं, कारण तुमचं, आकडा माझा.

मिशिगनकर
मीटरवर भांडण्यापेक्षा कोणतं लाकूड घेता ते बघा. रेड ओक ताजा तोडलेला कोरड्या वजनावर 70-80 टक्के ओला असतो, व्हाइट अ‍ॅश 45 च्या आसपास. म्हणून ओकला फोडून, वरून झाकून, बाजू उघड्या ठेवून दोन उन्हाळे लागतात, अ‍ॅश बऱ्याचदा एकात होते. एमराल्ड अ‍ॅश बोरर (अ‍ॅशची झाडं पोखरणारा किडा) 2002 मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला तेव्हापासून इकडे मेलेल्या अ‍ॅशचा तोटा नाही. फक्त ते लाकूड दुसऱ्या जिल्ह्यात नेऊ नका, कीड त्यातूनच पसरली.

आणि माझं दुखणं: कॉर्ड म्हणून फेस कॉर्ड विकणारे! कॉर्ड म्हणजे 4 बाय 4 बाय 8 फूट, 128 घनफूट. फेस कॉर्ड, म्हणजे 16 इंची ओंडक्यांची एकच रांग, त्याचा तिसरा हिस्सा. पैसे देण्याआधी रचून मोजा. "सीझन्ड" (सुकवलेलं) म्हणजेही विकणाऱ्याच्या तोंडचा शब्द, मीटर सोबत न्या.

जुनंतेसोनं
लाकूड इतकं मोजूनमापून घ्यायचं तर बचत उरली कुठे?

मिशिगनकर
एक कॉर्ड सुका ओक म्हणजे साधारण 2.4 कोटी बीटीयू (उष्णतेचं एकक). 70 टक्के कार्यक्षमता धरली तर 140 गॅलनांच्या आसपास हीटिंग ऑइलचं काम. तुमच्या गावातले दोन्ही भाव टाका आणि बघा.

फोडणी
आपल्या घरांतली एक गोष्ट कोणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. मासे तळताना आपण रेंज हूड (शेगडीवरचा, हवा बाहेर फेकणारा पंखा) फुल लावतो. घट्ट बांधलेल्या घरात 400 सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट हवा) वरचा हूड बाहेरची हवा मिळेल तिथून ओढतो, आणि सगळ्यात सोपी वाट म्हणजे चिमणी. स्टोव्ह विझत आलेला असेल तर धूर आणि कार्बन मोनॉक्साइड (सीओ) थेट दिवाणखान्यात. पेटवताना हूड आणि कपड्यांचा ड्रायर बंद ठेवा, स्टोव्हला आउटसाइड एअर किट (बाहेरची हवा थेट स्टोव्हला देणारी नळी) बसतं का ते खरेदीआधी विचारा, आणि सीओ अलार्म झोपायच्या खोलीबाहेर हवाच.

धुराडं
हे माझ्या लिखाणात यायला हवं होतं, अतिशय महत्त्वाचं.

ज्यांच्याकडे विटांची फायरप्लेस आहे त्यांच्यासाठी स्वस्तातला मार्ग आहे, पण स्टोव्हचा 6 इंची पाइप तसाच आत सोडून देऊ नका. 6 इंची पाइप म्हणजे 28 चौरस इंच, आणि 12 बाय 12 ची चिमणी शंभराच्या वर. चिमणी बाहेरच्या भिंतीत असेल तर पाइपच्या क्षेत्रफळाच्या दुपटीपेक्षा मोठी चालत नाही, घराच्या आत असेल तर तिपटीपेक्षा. 316 स्टेनलेसचा लायनर (चिमणीच्या आत घालायची नळी) वरपर्यंत न्या, बाहेरच्या भिंतीत असेल तर इन्सुलेशनसकट. नवी क्लास ए उभी करण्यापेक्षा यात पैसे वाचतात.

जुनंतेसोनं
ठीक. माझाही स्टोव्ह लायनर आणि परमिटसकटच बसवा, खिडकीतून नको, हे मी लिहायला हवं होतं. पण नवा स्टोव्ह आणि चिमणी घ्यायला दोन हजार डॉलर नसलेल्याने काय गारठून मरायचं, याचं उत्तर मिळालेलं नाही.

धुराडं
2 घनफुटी फायरबॉक्सचा (लाकूड जळायचा कप्पा), ईपीए पास, साधा स्टीलचा स्टोव्ह हजाराच्या आसपास मिळतो, एप्रिल-मेमध्ये त्याहून खाली. काचेची सजावट आणि इनॅमलचा रंग सोडा. वापरलेला घ्यायचा तर मागची धातूची पट्टी वाचा: त्यावर ईपीए आणि अंतरांचे आकडे असले तर घ्या. पट्टी नसेल तर सगळीकडून 36 इंच सोडावे लागतात, तेवढी जागा तुमच्या खोलीत आहे का ते आधी टेप लावून बघा. आणि लाकूड स्टोव्हच्या आधी विकत घ्या.