वेलास्कोची आगगाडी म्हणजे निषेध? काहीही!

तिरका_कुंचला: मेक्सिकन चित्रकार होसे मारिया वेलास्कोचं 'कान्यादा दे मेतलाक' हे दरीतल्या आगगाडीचं चित्र इथे टाकून काल एकानं लिहिलं, "ज्वालामुखीच्या रानात घुसलेल्या यंत्राचा चित्रकारानं केलेला मूक निषेध." अहो, कसला निषेध? हा माणूस मेक्सिकोचा तेव्हाचा हुकूमशहा पोर्फिरिओ दियासच्या सरकारचा लाडका. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात मेक्सिकोची चित्रं घेऊन गेलेला. चित्रातली मेक्सिको सिटी-वेराक्रुस रेल्वे म्हणजे त्या काळचा देशाभिमान. धूर दिसला की निषेध, हे आपलं आजचं डोकं.

रानवाटा: ती पोस्ट माझीच. मागे ५,६३६ मीटरचा ओरिसाबा ज्वालामुखी, पुढे भलीमोठी पानं आणि मध्ये केवढीशी गाडी. मिरवायची असती तर इतकी बारीक काढली असती?

तिरका_कुंचला: पानं मोठी, कारण बुवा वनस्पतिशास्त्र शिकलेले. झाड कुठलं ते ओळखू येतं. त्यात रूपकं शोधू नका.

इंजिनवेडा: दोघंही चढ विसरलात. त्या मार्गावर दुतोंडी फेअरली इंजिनं लागायची. १८७३ ला लाइन सुरू झाली. त्याच्या दहा वर्षं आधी आपला बोरघाट, तोही लाव्हाच्याच कातळातून. त्याचं असं चित्र का नाही हो?

घाटावरची: चित्र कोण काढणार? आमच्या घरी सांगतात, खापरपणजोबा घाटात सुरुंगाच्या कामावर होते, पटकीत गेले. प्रेतं मोजायलाही कुणी नव्हतं. तुम्ही बसा इंजिनांची तोंडं मोजत.

इंजिनवेडा: मी इंजिनाचं बोललो, तुमच्या पणजोबांचं नाही. आणि कंत्राटदार ट्रेडवेलही १८५९ मध्ये आल्याआल्याच वारला. काम त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिसनं, तडीस नेलं. तेही सांगा की.

घाटावरची: *खापर*पणजोबा. आणि अ‍ॅलिसबाईंचं नाव तुम्हाला पाठ आहे. मेलेल्यांपैकी एक तरी सांगा.

तिरका_कुंचला: धागा मेक्सिकोचा आहे, खंडाळ्याचा नाही!

घाटावरची: मग मेक्सिकोचंच सांगा. तुमच्या त्या देशाभिमानात रूळ टाकणारे कुठे बसलेत?

तिरका_कुंचला: चित्र १८९० च्या दशकातलं. रूळ पडून वीस वर्षं झालेली. त्यांना पुन्हा बोलावून उभं करायचं होतं का?

रानवाटा: पाहा, स्वतःच म्हणालात. डोंगर आहे, झाडं नावानिशी आहेत, गाडी आहे, ती आणणारेच नाहीत. 'निषेध' शब्द मागे घेते, खूश? पण 'मिरवणूक' म्हणणार नाही.

तिरका_कुंचला: उपकार झाले. मी 'मिरवणूक' म्हणालोच नव्हतो, 'देशाभिमान' म्हणालो. वर जाऊन वाचा.

इंजिनवेडा: ते घाटाच्या चित्राचं राहिलंच. कुणाकडे आहे का?