सोळा वर्षं निरीक्षक होते, तरी माणसं घरी का परतली नाहीत?

संत्राबाग_वरूड

राम राम मंडळी. प्रश्न मोठ्या राजकारणाचा आहे, पण मी तो घरातून विचारतो आहे, म्हणून थोडं लांबेल.

माझी लेक जॉर्जियात, तिबिलिसीला एमबीबीएस करते. तिसरं वर्ष. आपल्या भागातली बरीच लेकरं तिकडं आहेत. ती ज्या बाईंकडं भाड्यानं राहते त्या जॉर्जियन, पण मूळच्या अबखाझियाच्या, म्हणजे काळ्या समुद्राकाठच्या, युद्ध करून जॉर्जियातून फुटून निघालेल्या भागाच्या. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी वावरातच होतो. लेक म्हणाली, बाबा, आजींना बाग पाहायची आहे. मी फोन धरून दोन ओळी फिरलो. आंबिया बहाराचं संत्रं आता लिंबाएवढं झालं आहे. बाईंचं फळाकडं लक्षच नव्हतं, त्या खोडं पाहत होत्या. हे निळसर काय लावलं, म्हणाल्या. मी म्हटलं बोर्डो मलम, डिंक्या येऊ नये म्हणून, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग. लेकीला डिंक्या काही सांगता येईना, तिनं आपल्या हातावरून बोट ओघळवून दाखवलं. त्यांना लगेच समजलं. आमच्याकडं चुना लावत, म्हणाल्या, अन् मग चुना किती, माती किती, कोणत्या महिन्यात, हे सांगत बसल्या, जसा काही उद्याच लावायचा आहे.

त्यांचं घर ओचामचिरे जिल्ह्यात. मागं मँडरिनची बाग. मँडरिन म्हणजे आपल्या संत्र्याचंच भावंड. 27 सप्टेंबर 1993 ला अबखाझियाची राजधानी सुखुमी अबखाझ फौजांच्या हाती पडली, अन् दोन-तीन दिवसांत त्या अंगावरच्या कपड्यानिशी निघाल्या. फळ हिरवंच होतं, नोव्हेंबरात उतरायचं. ते फळ कोणी तोडलं असेल, असं त्यांनी मला विचारलं. बाग धरायला पाच-सहा वर्षं जातात हे मला माहीत आहे, म्हणून मला काही बोलता आलं नाही.

तेव्हापासून मी रोज रात्री वाचतो आहे. दोन लाखांवर जॉर्जियन माणसं तिथून उठली. संयुक्त राष्ट्रांनी ऑगस्ट 1993 मध्ये निरीक्षक पाठवले, ते 2009 पर्यंत होते. एप्रिल 1994 मध्ये मॉस्कोत करार झाला, जॉर्जिया, अबखाझिया, रशिया आणि निर्वासितांचं उच्चायुक्तालय अशा चौघांच्या सह्या. माणसांनी स्वेच्छेनं, सुरक्षित परत जावं असं त्यात लिहिलं आहे. त्या कराराप्रमाणं रीतसर परत गेलेली माणसं किती? 311. मी आकडा दोनदा तपासला. तीनशे अकरा.

बाईंची बहीण मात्र अबखाझियाच्याच गाली जिल्ह्यात, एंगुरी नदीपलीकडं, आपल्या घरी राहते. ती कोणाला न विचारता गेली, जशी हजारो गेली. बाई तीस वर्षांत गेल्या नाहीत. एक बहीण जाऊ शकली अन् दुसरी काहून नाही? अन् निरीक्षक नेमके काय करत होते? लेक मला विचारते आणि मी तिला अर्धवट सांगू इच्छित नाही.

अकोट_पोट्टा

काका, यूएनचं असंच असतं. व्हेटो आला की सगळं थांबते. 2009 मध्ये रशियानं व्हेटो केला अन् मिशन बंद. त्याच्या आदल्या वर्षी ऑगस्टमधल्या रशिया-जॉर्जिया युद्धानंतर रशियानं अबखाझियाला देश म्हणून मान्यता देऊन टाकली होती. विषय संपला.

माजी_सैनिक_चिखली

जय हिंद. पोट्ट्या, व्हेटोचं खरं आहे, पण त्याआधीची सोळा वर्षं त्यात येत नाहीत. काकाजींचा प्रश्न त्या सोळा वर्षांचा आहे.

मी 2010 मध्ये काँगोत होतो, यूएनच्या निळ्या टोपीत, उत्तर किवूच्या डोंगरात. अबखाझियात मी गेलो नाही, पण काम कसं चालतं ते पाहिलं आहे. जॉर्जियातलं मिशन निरीक्षकांचं होतं. सुरुवातीला 88 मंजूर, पुढं 136. हातात शस्त्र नाही. गाडी, दुर्बीण, वही. एंगुरीच्या दोन्ही काठांना सुरक्षा पट्टा आखलेला, त्यात कोणी तोफ आणली का, फौज शिरली का, हे पाहून न्यूयॉर्कला कळवायचं. बंदूकवाली शांतिसेना वेगळी होती, स्वतंत्र राष्ट्रकुल म्हणजे सोव्हिएत संघातून निघालेल्या देशांच्या संघटनेच्या नावाची, प्रत्यक्षात सगळी रशियन. तिचं काम दोन फौजा वेगळ्या ठेवणं. म्हणजे नदीवर पहारा होता. पण परत आलेल्या माणसाच्या दारावर रात्री कोणी आलं तर तिथं उभं राहणं हे कोणाच्याच हुकुमात स्पष्ट नव्हतं.

काँगोत आमचा तळ टेकडीवर, खाली विस्थापितांची वस्ती, ताडपत्रीची. बायका सकाळी आपल्याच गावच्या वावरात राजमा तोडायला जायच्या अन् दिवस मावळायच्या आत पालावर परत. गाव दोन कोस. घरं उभी होती, झोपायला कोणी थांबत नसे. आम्ही सोमवारी आणि गुरुवारी त्या वाटेनं गस्त घालायचो. एकदा एका बाईनं दुभाष्याकडून विचारलं, मंगळवारी कोण येणार? टोपलं डोक्यावर तसंच, उत्तराची वाट पाहत उभी. आमच्या सुभेदार साहेबांनी जास्त गस्त मागितली, काही आठवडे मिळालीही. मग तुकडी दुसरीकडं हलवली.

गालीत मे 1998 मध्ये हेच झालं. परत आलेली तीस-चाळीस हजार माणसं पुन्हा नदीपार पळाली, घरं जाळली गेली, त्यात मदतीच्या पैशानं नव्यानं बांधलेलीही होती. निरीक्षक होते. त्यांनी अहवाल दिला. त्यांना नावं ठेवू नका मात्र. ऑक्टोबर 2001 मध्ये अबखाझियातल्या कोदोरी खोऱ्यावर त्यांचं हेलिकॉप्टर पाडलं, नऊ जण गेले. नि:शस्त्र माणसं होती ती.

संत्राबाग_वरूड

सुभेदार साहेबांना माझा नमस्कार सांगा, असतील तिथं. तुमचा "मंगळवारी कोण" मी लेकीला वाचून दाखवला. 1998 मध्ये बाईंच्या बहिणीचंही घर जळालं होतं, हे आज कळलं. पत्रे नुकतेच मदतीत मिळालेले होते. ती दोन महिन्यांनी पुन्हा गेली, कारण हेझलनट ऑगस्टमध्ये पडतात अन् वेचले नाहीत तर सडतात.

भूगोलाच्या_बाई

नमस्कार दादा. मी हिंगणघाटजवळच्या शाळेत शिकवते. एक बाजू राहते आहे, ती मांडते, राग मानू नका.

1989 च्या जनगणनेत अबखाझियात सव्वापाच लाख लोक. जॉर्जियन जवळजवळ 46 टक्के, अबखाझ 18 टक्केसुद्धा नाहीत. एकोणिसाव्या शतकात रशियन साम्राज्यानं हजारो अबखाझांना तुर्कस्तानात हाकललं, ती आठवण त्यांच्या घराघरात आहे. ऑगस्ट 1992 मध्ये जॉर्जियन फौजा सुखुमीत शिरल्या, लूट झाली, आणि ऑक्टोबरात अबखाझांचं अभिलेखागार जळालं. एका छोट्या समाजाची जवळजवळ सगळी कागदपत्रं, एका दिवसात. त्यामुळं "सगळे परत या" हे वाक्य त्यांच्या कानाला "आपल्याच गावात पुन्हा अल्पसंख्य व्हा" असं ऐकू येतं. परतणाऱ्या प्रत्येकाची ते छाननी मागत, हा युद्धात लढला का, असं विचारत. 311 चा आकडा त्या छाननीतून आला.

तुमच्या दोन बहिणींचं उत्तरही इथंच आहे. गाली जिल्हा जवळजवळ पूर्ण जॉर्जियन होता, अगदी नदीकाठी. तो रिकामा ठेवून तिथं वसवायला अबखाझांकडं माणसंच नव्हती, आणि त्यामुळं समतोल बिघडत नव्हता. म्हणून तिथं डोळेझाक झाली. ओचामचिरेत वस्ती मिसळलेली होती. तिथं एक कुटुंब परत आलं की शेजारच्या घरात राहणाऱ्याला उठावं लागलं असतं. बाईंवर झालेला अन्याय यानं कमी होत नाही. पण मुलीला सांगताना पलीकडच्या घरातली भीतीही सांगा, एवढीच विनंती.

संत्राबाग_वरूड

राग कसला बाई. सांगतो तिला. तिच्या वर्गात दोन्हीकडची मुलं नसली तरी दवाखान्यात रुग्ण कोणीही येईल.

निवृत्त_तलाठी

मी चौतीस वर्षं सातबारे लिहिले, त्यातली नऊ धरणग्रस्त गावांत. म्हणून कागदाचं बोलतो.

आमच्याकडं एक गाव पाण्यात गेलं. नव्या जागी प्लॉट मिळाले, पण नावं चढायला अकरा वर्षं लागली. माझ्यासमोर म्हातारे मेले, फेरफार व्हायच्या आधी. मी वर लिहीत राहिलो. ते अजून मनातून जात नाही. पण पाण्यातलं गाव परत मागता येत नाही, हे त्यांना मनोमन पटलेलं होतं. या बाईंचं घर उभं आहे आणि त्यात दुसरं कोणी राहतं. ते जास्त कठीण.

बोस्नियात काय केलं ते वाचा. तिथलं युद्ध थांबवणाऱ्या 1995 च्या डेटन करारात सातवं परिशिष्ट फक्त परतणाऱ्यांचं होतं: प्रत्येकाला आपलं 1991 पूर्वीचं घर परत. मागं नाटोचे साठ हजार सैनिक. तरी पहिली दोन वर्षं स्थानिक अधिकारी फायली दाबून बसले. मग आंतरराष्ट्रीय उच्च प्रतिनिधीला अधिकार दिला की अडवणाऱ्या अधिकाऱ्याला खुर्चीवरून काढा, आणि त्यांनी खरोखर काढले. तेव्हा घरांचे दावे सरकले. 2004 पर्यंत दहा लाख माणसं परतली. पुष्कळांनी घर ताब्यात घेऊन विकून टाकलं, तेही खरं, पण विकणारे ते स्वतः होते.

अबखाझियात यातलं काहीच नव्हतं. शिपाई कमी, आणि ज्याच्या हाती नोंदवही तोच नको म्हणणारा. जॉर्जियानं 2006 साली "माझं घर" नावाची नोंदणी सुरू केली. उपग्रहाच्या छायाचित्रावर आपलं घर, आपली जमीन दाखवायची, साक्षीपुरावे द्यायचे. त्यावर ताबा मिळत नाही. पण दावा लिहिलेला राहतो. बाईंनी नोंद केली आहे का, हे लेकीला जरूर विचारायला सांगा. नसेल तर चतु:सीमा तरी लिहून घ्या: उत्तरेला कोण, दक्षिणेला नाला की रस्ता, विहीर कोणत्या कोपऱ्यात. माणूस आहे तोवर लिहून होतं.

संत्राबाग_वरूड

तलाठी साहेब, नोंद आहे. बाईंनी 2007 मध्येच केली. काल लेकीनं फोनवर उपग्रहाचा नकाशा उघडून त्यांच्यापुढं धरला. त्यांनी दोन बोटांनी मोठं करून छप्पर शोधलं. कौलं होती, आता निळा पत्रा आहे. बाग दिसली नाही, नुसतं गवत. त्या म्हणाल्या, पत्रा घातला म्हणजे आत कोणी तरी राहतं, गळत होतं ते बरं केलं. एवढंच म्हणाल्या.

तुमच्या सांगण्यावरून लेकीनं चतु:सीमा मराठीत लिहून घेतली, बाई सांगत गेल्या तशी. पूर्वेला दिराची बाग, पश्चिमेला गल्ली, दक्षिणेला आक्रोडाची दोन झाडं. अक्षर तिचं डॉक्टरचंच होत चाललं आहे, मी पुन्हा नीट उतरवून ठेवली.

बहिणीकडं मँडरिनची वीस-पंचवीस झाडं आहेत अन् त्यातल्या सातांना डिंक आला आहे. पूर्वी ती गावाजवळच्या वाटेनं नदी ओलांडायची. 2017 मध्ये त्या वाटा बंद केल्या, आता तिच्यासाठी मोठा पूलच. 2021 च्या एप्रिलमध्ये चोरवाटेनं नदी ओलांडताना चार जण बुडाले, तेव्हापासून घरच्यांनी तिला पुलाशिवाय जाऊ नको अशी शपथ घातली आहे. पुढच्या महिन्यात ती औषधं घ्यायला नदीअलीकडं, जॉर्जियाच्या ताब्यातल्या झुगदिदीला येईल. बाईंनी मला मलमाचं प्रमाण मागितलं. मी लिहून पाठवलं: मोरचूद एक किलो, कळीचा चुना एक किलो, पाणी दहा लिटर. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, मग एकत्र. लोखंडी भांडं नको, प्लास्टिकचं किंवा मातीचं घ्यावं. आधी डिंक खरडून काढायचा, जमिनीपासून कमरेएवढं लावायचं.