भूक आणि व्यायाम: थोडी भर

'व्यायामानं भूक खवळते, मग वजन उतरवायला त्याचा उपयोग काय?' असं एकांनी विचारलंय. उलट दमवणारा व्यायाम चालू असताना घ्रेलिन हे भूक चाळवणारं संप्रेरक उतरतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारी पीवायवाय, जीएलपी-१ ही संप्रेरकं चढतात. परिणाम तास-दोन तासच टिकतो हे खरं. पण व्यायामात जळलेलं सगळं त्याच दिवशी खाऊन भरून निघत नाही.

मला जास्त काळजी वाटते ती आपल्या भारतीयांच्या हृदयाची; बारीक दिसणाऱ्या शरीरातही चरबी जास्त असू शकते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन डॉक्टरांचा 2004 मधला एक फोटो बोलका आहे. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) 22.3, पण शरीरातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के, तर याज्ञिकांची 21.2. म्हणून 'मी तर बारीक आहे' यावर आपण विसंबू नये.

ग्लासगोच्या संशोधकांनी 2013 मध्ये मांडलेला हिशोब तर डोळे उघडणारा आहे. आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम करणाऱ्या युरोपीय पुरुषाइतका हृदयविकार-मधुमेहाचा धोका खाली आणायला दक्षिण आशियाई पुरुषाला सुमारे 266 मिनिटं लागतील. अभ्यास एका वेळच्या मोजमापांवरचा आहे, त्यामुळे आकडा काटेकोर धरू नका. तरी रोज 35-40 मिनिटं भरभर चालणं आपल्यासाठी जास्त नाही, असंच मी म्हणेन.

आणि वजन हललं नाही म्हणून सोडू नका. आदल्या दिवशीच्या व्यायामानंही दुसऱ्या दिवशी जेवणानंतर रक्तात चढणारे ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक चरबी) कमी राहतात. काट्यावर ते दिसत नाही.